वऱ्हाडातील प्रासंगिक प्रेक्षक आणि त्याचा निवाडा

१

चित्रपटाचा इतिहास आजवर बहुधा तीन साधनांवरून लिहिला गेला आहे : निर्मात्यांच्या व नटांच्या आठवणी, नियतकालिकांतील परीक्षणे आणि शासकीय अहवाल. ज्याच्या तिकिटाच्या पैशावर हा सर्व व्यवसाय उभा राहिला तो मनुष्य या तिन्ही साधनांत स्वतः बोलताना क्वचितच आढळतो. चार-सहा महिन्यांतून एकदा, सणावाराच्या किंवा बाजाराच्या निमित्ताने, बायकामुलांना बरोबर घेऊन चित्रपट पाहणारा हा मनुष्य रूढ अर्थाने रसिक नव्हे. दिग्दर्शकाचे नाव त्याच्या ध्यानात राहत नाही, आणि परीक्षण वाचून तो तिकीट काढीत नाही. प्रस्तुत लेखात त्याला ‘प्रासंगिक प्रेक्षक’ असे संबोधिले आहे. विनोदी, अद्भुत आणि कौटुंबिक या तीन लोकप्रिय प्रकारांविषयी त्याचा अभिप्राय कोणत्या कसोट्यांवर बनत आला, याचा विचार अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन शहरांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

साधनांच्या उणिवेचे एक ठळक उदाहरण प्रथम पाहणे इष्ट होईल. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हिंदी चलच्चित्र समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठविल्या व ३५३ साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या. भारतीय प्रेक्षकाविषयी इतकी विपुल माहिती तत्पूर्वी कोणी जमविली नव्हती. परंतु साक्षीदारांत भरणा होता तो अधिकारी, शिक्षक, संपादक, वकील, निर्माते व चित्रपटगृहांचे मालक यांचा. खालच्या वर्गाच्या बाकावर बसणाऱ्याला काय आवडते, हे त्या बाकावर न बसणाऱ्यांनी समितीस सांगितले.

हा प्रेक्षक लिहीत नाही, पण बोलतो. आणि त्याचे बोलणे व्याकरणाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. परीक्षक लिहितो, “चित्रपट सदोष आहे.” येथे चित्रपट हा कर्ता असून बोलणारा वाक्यातून अदृश्य झालेला आहे. वऱ्हाडातला प्रेक्षक म्हणतो, “मले पटला नाही,” “मले हासू आलं,” “मले खरं वाटलं.” या सर्व वाक्यांत बोलणारा उपस्थित आहे, परंतु कर्ता म्हणून नव्हे, तो चतुर्थीत आहे. अभिप्राय त्याने बनविलेला नसून त्याच्यापाशी आलेला आहे, अशी या रचनेची धाटणी असते. ही रचना साऱ्या मराठीची आहे. वऱ्हाडीत ‘मला’ऐवजी ‘मले’ होते इतकेच. ‘पटणे’, ‘हसू येणे’ आणि ‘खरे वाटणे’ ही तीन क्रियापदे अनुक्रमे कौटुंबिक, विनोदी व अद्भुत चित्रपटांच्या निवाड्यात प्रामुख्याने योजिली जातात. एकाच प्रेक्षकाच्या हाती अशा तीन निरनिराळ्या कसोट्या असतात, ही गोष्ट त्याला ‘अभिरुचिहीन’ ठरविणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

२

कसोट्यांकडे वळण्यापूर्वी वऱ्हाडच्या विशिष्ट परिस्थितीची नोंद घेणे आवश्यक आहे. हा प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे मराठी बोलपट जन्मास आला त्या १९३२ साली अमरावती-अकोल्याचा प्रेक्षक राज्यकारभाराच्या दृष्टीने पुण्या-मुंबईचा नव्हता. तो नागपूर-जबलपूरच्या घरातला होता. १९५० नंतरच्या मध्य प्रदेश राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. निजामाशी व त्याहीपूर्वी अचलपूरच्या इमादशाहीशी आलेल्या संबंधामुळे दखनी उर्दूचा कानाला सराव होताच. हिंदी बोलपट येथे परका म्हणून आला नाही.

चित्रपट व्यवसायाने ही जुनी प्रांतरचना आपल्या परिभाषेत गोठवून ठेविली. वितरणाच्या ज्या मंडलात वऱ्हाड मोडतो त्याला धंद्यातील लोक ‘सी. पी. बेरार’ असेच म्हणत आले. तो प्रांत राज्यघटनेतून गेला, पण चिठ्ठ्याचपाट्यांतून गेला नाही. अमरावती व भुसावळ ही या मंडलातील वितरकांची महत्त्वाची ठाणी होत. चित्रपटाचे हक्क मंडलवार विकले जात असल्यामुळे मुंबई मंडलासाठी झालेला सौदा वऱ्हाडास लागू पडत नसे; पुण्यात गाजलेल्या मराठी चित्रपटासाठी येथे स्वतंत्र व्यवहार व्हावा लागे. भाषेची सीमा आणि वितरणाची सीमा यांचा असा मेळ न बसल्याने, मराठी हीच मातृभाषा असलेल्या या प्रेक्षकाला पडद्यावर मुख्यतः हिंदीच ऐकावयास मिळे.

चित्रपटगृहांनी शहराच्या जीवनात मिळविलेले स्थान स्थलनामांवरून कळते. अमरावतीत राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक, सरोज चौक ही नावे त्या त्या चित्रपटगृहांवरून रूढ झाली. अकोल्यात माणेक टॉकीज व वसंत टॉकीज ही नावे पत्ता सांगण्याच्या कामी येत गेली. जे कधीही पडद्यासमोर बसले नाहीत, त्यांच्याही तोंडी ही नावे रुळली. खेड्यांत, पावसाळा संपून कापसाचे पैसे हाती येऊ लागले की यात्रांतून फिरती टॉकीज तंबू ठोकी. ‘टॉकीज’ हा शब्द मूळच्या इंग्रजीत बोलपटाचा वाचक होता. मराठीत तो इमारतीचा वाचक झाला, आणि प्रत्यक्ष चित्रपटासाठी ‘शिनेमा’, ‘पिच्चर’ किंवा नाटकाच्या परंपरेतला ‘खेळ’ हे शब्द उरले. प्रेक्षकाला वस्तूपेक्षा प्रसंग महत्त्वाचा होता, असे या अर्थांतरावरून अनुमान करता येते.

३

आता पहिली कसोटी. अद्भुत चित्रपटाची परंपरा भारतीय चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर ‘मोहिनी भस्मासुर’ व त्यासोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट १९१४ च्या प्रारंभी मुंबईत दाखविण्यात आला. अद्भुत आणि विनोद यांना एकाच तिकिटात स्थान देण्याची ही पद्धत येथील करमणुकीच्या जुन्या संस्कारास धरून होती. कीर्तनातील आख्यानात चमत्कार आणि चुटका शेजारी-शेजारीच नांदत असतात. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत फाळक्यांनी छायाचित्रणातील युक्त्यांचा भरपूर उपयोग केला. बोलपटाच्या काळात ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) पासून होमी वाडियांच्या ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२) व ‘हातिमताई’ (१९५६) पर्यंत, आणि बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) पर्यंत ही परंपरा अखंड चालली.

या चित्रपटांस सुशिक्षित परीक्षकाने ‘असंभवनीय’ म्हणून हिणविले. प्रासंगिक प्रेक्षकाची ‘खरे वाटणे’ ही कसोटी मात्र निसर्गनियमांशी निगडित नाही. मारुती उडाला याविषयी त्याची तक्रार नसते. उडताना दोरी दिसली तर असते. पात्राने आपल्या स्वभावाप्रमाणे वागावे आणि कारागिराने आपले काम चोख करावे, एवढीच त्याची मागणी. देवाची भूमिका करणाऱ्याने पडद्यावर विडी ओढलेली त्याला खपणार नाही. त्याच देवाने पर्वत उचलणे त्याला खपते. १९७५ मध्ये अल्प खर्चात निघालेल्या ‘जय संतोषी मां’ या चित्रपटास जे यश लाभले, आणि ठिकठिकाणी पडद्यासमोर पादत्राणे काढून बसणाऱ्या व नाणी वाहणाऱ्या प्रेक्षकांची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांवरून ही कसोटी किती दृढमूल होती ते दिसून येते.

भाषेच्या दृष्टीने या प्रकाराचा विशेष असा की, त्याचे भाषेवरील अवलंबित्व सर्वांत कमी आहे. मूकपटातील मजकुराच्या पाट्या ज्याला वाचता येत नसत त्यालाही कथा ठाऊक असे. म्हणूनच वितरणाची सीमा, भाषेची सीमा आणि बोलीची सीमा या तिन्ही ओलांडून अद्भुत चित्रपट वऱ्हाडात बिनबोभाट पोहोचला.

४

कौटुंबिक चित्रपटाची कसोटी ‘पटणे’ ही होय. या क्रियापदात युक्तता, संमती आणि मनोमन जुळणे असे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. नवरा-बायकोचे ‘पटते’, हिशेब ‘पटतो’ आणि गोष्टही ‘पटते’. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, त्या ना. ह. आपटे यांच्या कादंबरीचे नावच मुळी ‘न पटणारी गोष्ट’ असे आहे. वृद्ध नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या तरुण मुलीने ते लग्न मानण्यास नकार द्यावा, हा विषय त्या काळी कुटुंबासह बसून पाहणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न म्हणून ठेविला गेला. अशा चित्रपटावर घरी परतताना चर्चा होते. आणि ती चर्चा चित्रणाविषयी होत नाही, ‘तिने असे करावयास हवे होते काय’ याविषयी होते. ज्या प्रेक्षकाने पर्वत उचलणे मान्य केले, तोच प्रेक्षक सासूने अकारण बदललेला स्वभाव मान्य करीत नाही. त्याची संभवनीयता माणसांच्या वागणुकीस लागू आहे.

‘घरच्यांना घेऊन जाण्यासारखा’ हा कौटुंबिक चित्रपटाविषयीचा दुसरा रूढ अभिप्राय. त्यात चित्रपटाचे वर्णन नसून प्रेक्षागृहातील बैठकीचे वर्णन आहे : सासरा, सून, मुले हे एका रांगेत बसले असता कोणाला खाली पाहावे लागू नये. अशा अभिप्रायात संकोच आहे, तसाच एक व्यावहारिक हिशेबही आहे. कुटुंबास वर्षातून दोन-तीनदाच बाहेर पडावयाचे असेल, तर चुकीची निवड महागात पडते.

या प्रकाराचे भाषेवरील अवलंबित्व मध्यम प्रतीचे म्हणता येईल. आई, सून, भाऊ, माहेर, सासर ही नाती व स्थाने समजली की कथा समजते. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) हा मराठी चित्रपटातील अत्यंत यशस्वी कौटुंबिक पट ‘बाई चाली सासरिए’ (१९८८) या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला होता, आणि पुढे त्याच कथेवर ‘साजन का घर’ (१९९४) हा हिंदी चित्रपट निघाला. राजस्थानीतून मराठीत आणि तेथून हिंदीत ही कथा सुखरूप आली, कारण माहेराहून येणाऱ्या साडीचा अर्थ या तिन्ही भाषांच्या घरांत सारखाच होता.

५

विनोदी चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. विनोद भाषेत राहतो, आणि भाषेतही एखाद्या विशिष्ट समाजाच्या लकबीत राहतो. मास्टर विनायक यांनी आचार्य अत्रे यांच्या कथेवरून ‘ब्रह्मचारी’ (१९३८) काढला, आणि चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरून ‘लग्न पहावे करून’ (१९४०) हा चिमणराव-गुंड्याभाऊंचा चित्रपट काढला. या विनोदाचे मर्म मध्यमवर्गीय पुणेरी संभाषणाच्या शिष्टाचारात आहे. मनुष्य अत्यंत व्यवस्थित, ग्रांथिक वाक्य बोलतो आणि त्याच क्षणी त्याची फजिती होते. ही फजिती कळण्यासाठी ते वाक्य ‘व्यवस्थित’ आहे हे आधी कळावे लागते.

ज्याच्या घरी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘का’ऐवजी ‘काहून’ येते आणि ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राह्यला’ असा क्रियाप्रयोग होतो, त्याला पुणेरी वाक्य शाळेतून परिचित असते. पण त्या वाक्याची टिंगल करण्याइतकी सलगी त्याची त्याच्याशी नसते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. तिला प्रमाण मराठीपासून वेगळी काढणारी बरीच लक्षणे तेव्हाही स्पष्ट होती. परिणामी, हसू येण्यासाठी या प्रेक्षकाला संवादांपेक्षा दामूअण्णा मालवणकरांच्या मुद्रेवर व हालचालींवर अधिक विसंबावे लागणे स्वाभाविक होते. हिंदी विनोदपटात ही अडचण उलट्या दिशेने सुटे. ‘पडोसन’ (१९६८) मधील मेहमूद यांच्या दाक्षिणात्य उच्चारांना वऱ्हाडी प्रेक्षक मनमोकळेपणाने हसू शके. तेथे हास्यास्पद ठरणारी बोली दुसऱ्याची होती.

विनोदाचे यश संवादांच्या भाषेवर किती अवलंबून असते, याचा पुरावा एका रूपांतरात सापडतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटास फारसे यश लाभले नाही. त्याच कथासूत्रावर सचिन यांनी काढलेला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मराठी माणसाच्या स्मरणात कायमचा जाऊन बसला, तो त्यातील वाक्यांमुळे. कथानक जवळजवळ तेच. पण विनोद नव्याने मराठीत जन्माला घालावा लागला. याच्या उलट, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधील जिवंत होणारा बाहुला १९८८ च्या एका अमेरिकन चित्रपटाच्या कल्पनेवरून आला. अद्भुताचा अंश सातासमुद्रापलीकडून जसाच्या तसा आणता आला. हसविण्याचे काम मात्र येथल्या नटांना आणि रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्याला येथल्या भाषेत करावे लागले.

दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) ने ही मर्यादा काही अंशी ओलांडली. त्यांची भाषा भोर-पुण्याकडच्या खेड्याची असली, तरी तिचा रोख पुणेरी शिष्टाचाराच्या विरुद्ध होता. त्यांचे नऊ चित्रपट प्रत्येकी पंचवीस आठवड्यांहून अधिक चालल्याची नोंद गिनीज बुकात आहे. विशेष हे की, ‘हसू येणे’ आणि ‘घरच्यांना घेऊन जाण्यासारखा असणे’ या दोन कसोट्या येथे परस्परांवर आदळल्या. द्व्यर्थी संवादांमुळे सासऱ्यासमवेत पाहण्याची सोय नाही, आणि हसू तर आवरत नाही. अशा वेळी प्रासंगिक प्रेक्षकाने चित्रपट नाकारला नाही, बरोबर न्यावयाची माणसे बदलली.

६

यावरून पुढचा प्रश्न उद्भवतो आणि तो केवळ अभिरुचीचा नाही. वऱ्हाडी बोली स्वतः पडद्यावर आली तेव्हा ती कोणत्या नात्याने आली?

नागर वाङ्मयात व रंगभूमीवर प्रमाण मराठीव्यतिरिक्तच्या बोलींना नोकर, गावंढळ पाहुणा किंवा विदूषक यांच्या तोंडी स्थान मिळत आले. या बोली परस्परांपासून भिन्न आहेत याचेही भान प्रेक्षकाला नेहमी असतेच असे नाही. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या गाजलेल्या एकपात्री प्रयोगातील ‘वऱ्हाड’ लग्नाचे आहे आणि त्यातली बोली मराठवाड्याची आहे. तथापि नामसादृश्यामुळे त्याचा संबंध वऱ्हाड प्रांताशी जोडण्याची चूक सहज होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातून अमरावती जिल्ह्याचे भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. त्यांचा विनोद अस्सल होता आणि बोलीही अस्सल होती. अमरावती-अकोल्याच्या माणसास आपले बोलणे प्रथमच असे सर्वदूर ऐकू आले. परंतु त्याच वेळी, पुण्यात नोकरीस गेलेल्या वऱ्हाडी तरुणाने तोंड उघडताच ऐकणाऱ्याने हसू लागावे, अशीही स्थिती त्यातून संभवते. प्रेक्षकाला ‘मले हासू आलं’ म्हणताना हे हसू आपल्यासह आहे की आपल्यावर, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

वऱ्हाडी बोलीतील विनोद मूळचा हलका नाही, हे सिद्ध करण्यास एकच नाव पुरेसे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपली कीर्तने याच बोलीत केली. श्रोत्यांना प्रश्न विचारावा, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यावे, त्या उत्तराने त्यांना हसवावे आणि त्या हसण्यातून कर्ज, दारू व अस्पृश्यता यांविषयी त्यांना अंतर्मुख करावे, ही त्यांची रीत होती. राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली. ज्यांच्या वाडवडिलांनी बाबांचे कीर्तन ऐकले होते, त्यांच्यापाशी ‘पटणे’ व ‘हसू येणे’ या दोन कसोट्या एकत्र वापरण्याचा संस्कार घरचाच होता.

हे एकत्रीकरण पडद्यावर घडले ते सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने बायको त्याला आवडीचे करून वाढते, मुलाला त्याच्या पाळतीवर ठेविते; आणि नवऱ्याला हे सारे कशासाठी चालले आहे ते उमगत नाही. प्रसंग विनोदी आहे, घर ओळखीचे आहे, बोली त्या मातीतली आहे. आणि प्रत्येक हसण्याच्या बुडाशी भय आहे. या चित्रपटाचा गौरव रॉटरडॅमसारख्या दूरच्या महोत्सवात झाला. ज्या प्रेक्षकाच्या जीवनावर तो आधारला, तो सणाला कुटुंबासह चित्रपट पाहावयास निघतो तेव्हा त्याने अशा चित्रपटाकडे वळावे अशी अपेक्षा करणे अवघड आहे. ज्या धास्तीत घर वर्षभर राहिले, ती तिकीट काढून पाहावयाची नाही, असे त्याने ठरविल्यास तो निर्णय अरसिकतेचा म्हणता येणार नाही. ‘पाहवत नाही’ हेही एक मत आहे. मराठीच्या शक्य क्रियापदाने ते फार अचूकपणे सांगितले आहे.

७

सारांश, प्रासंगिक प्रेक्षकाचा निवाडा तीन कसोट्यांवर उभा आहे. अद्भुतात तो कारागिरी व पात्राची सुसंगती पाहतो, कुटुंबकथेत वागणुकीची युक्तता पाहतो, आणि विनोदात भाषेची जवळीक पाहतो. या क्रमाने भाषेवरील अवलंबित्व वाढत जाते. म्हणूनच वऱ्हाडसारख्या प्रदेशात, जेथे पडद्यावरील भाषा बहुतेक वेळा प्रेक्षकाची घरची भाषा नव्हती, अद्भुत सर्वांत सहज पोहोचले, कुटुंबकथा अनुवादातूनही टिकली, आणि विनोद मात्र कधी अर्धवट पोहोचला तर कधी प्रेक्षकाच्या बोलीसच लक्ष्य करून गेला.

हा अभिप्राय कागदावर फारसा उतरलेला नाही. तो ज्यांच्या स्मरणात आहे त्या पिढीने माणेक टॉकीजचे किंवा राजकमलचे बाक पाहिलेले आहेत, आणि ती पिढी आता वयोवृद्ध आहे. विद्यापीठांतील संशोधकांनी या स्मृती नोंदविताना एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे : उत्तरे प्रमाण भाषेत शुद्ध करून लिहू नयेत. “मले पटलं नाही” या वाक्याचे “चित्रपट असमाधानकारक वाटला” असे रूपांतर झाले की त्यातला माणूस पुन्हा एकदा साक्षीतून नाहीसा होतो, आणि १९२७-२८ च्या समितीने जे केले त्याचीच पुनरावृत्ती घडते.